चार नंबरची बाळंतीण

आमच्या प्रसूतिगृहाच्या सहाही खाटांवर रबरी बायका झोपलेल्या असायच्या, आणि खऱ्या बायका बाहेर बाकावर बसायच्या. हे मी कुणाला सांगितलं की आधी सगळे हसतात, मग माझ्या तोंडाकडे बघतात आणि गप्प होतात. मी तिथे बावीस वर्षं आया आहे. लहानथोर सगळे मला मावशी म्हणतात, आणि मावशी उगाच जीभ सैल सोडत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे.

सुरुवात चांगल्या मनाने झाली होती, हे आधीच सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी उलट्या काळजाची आहे. आपलं सरकार आणि तीन परदेशी सरकारं एकत्र आली आणि त्यांनी करार केला. बाळंतपणात एकही बाई दगावू नये आणि बाळंतपणापायी एकाही घराची धूळधाण होऊ नये, असा. यात वाईट काय आहे? दारावर कराराचा फलक लागला तो मी स्वतः पुसला आणि पुसताना दोनदा वाचला. पहिल्या देशाने खाटा दिल्या, कळ दाबली की वर-खाली होणाऱ्या. दुसऱ्याने चादरी दिल्या आणि जन्मलेल्या बाळाला ऊब देणारा एक मोठा दिवा. तिसऱ्याने सहा बाहुल्या दिल्या.

बाहुल्या म्हणजे खेळण्यातल्या नव्हेत. अंगापिंडाने पूर्ण बाई, पोटात रबरी बाळ, आणि कळ दाबली की पोट आवळायचं, कपाळाला पाणी सुटायचं, लाल पाणी वाहायचं. परिचारिकांनी सराव करायचा, म्हणजे खऱ्या वेळी हात कापणार नाहीत. बाहुल्या कण्हायच्यासुद्धा, पण ज्या देशातून आल्या त्या देशाच्या भाषेत. "आक्-मोई, आक्-मोई" असं काहीतरी. पहिल्या आठवड्यात आमच्या सिस्टर त्यांच्या पाठीवरून हात फिरवायच्या. मग सवय झाली.

घोळ घातला तो करारातल्या एका कलमाने. तिघांनीही आपापली वस्तू दिली होती, तेव्हा कुणाची वस्तू मागे पडली असं कुणाला वाटू नये म्हणून ठरलं, की खाट, चादर आणि बाहुली एकत्रच वापरायची. खाटेखाली वजनाचा काटा बसवला होता. बाहुली खाटेवरून उचलली की तिकडे कुठेतरी दूरच्या कचेरीत लाल दिवा लागायचा आणि इकडे, कराराचं काम बघायला आमच्याकडे नेमलेले समन्वयक साहेब, त्यांचा फोन वाजायचा. तीन तास खाट रिकामी राहिली तर ती 'वापरात नाही' असं ठरायचं, आणि वापरात नसलेली खाट उचलून दुसऱ्या गरजू देशाला.

म्हणून बाहुल्या खाटेवर राहिल्या. आणि राहिल्याच आहेत म्हणून त्यांची बाळंतपणंही होत राहिली, कारण दर महिन्याला आकडा पाठवायचा होता. दिवसाला एकेकीचं तीन वेळा. बाळ बाहेर काढायचं, पुसायचं, परत आत बसवायचं. वर्षाकाठी साडेसहा हजार बाळंतपणं झाली आणि एकही बाई दगावली नाही. आमच्या केंद्राला मानपत्र मिळालं. खऱ्या बायकांना मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी मिळायची, दोन तासांच्या वाटेची. डॉक्टर असते तर काही बोलले असते, पण ते परदेशात परिषदेला गेले होते. लहान गावांत डॉक्टर जागेवर का सापडत नाहीत, या विषयावर परिषद होती. तिसरं वर्ष चालू होतं.

माझं काम रोज सकाळी सहाजणींचं अंग पुसायचं आणि पावडर लावायची, नाहीतर रबर चिकट होतं. बाकावरच्या बायका दारातून बघायच्या. एकदा एक पोटुशी बाई मला म्हणाली, "मावशी, पुढल्या जन्मी मला रबराची कर म्हणावं." मी तिला हसून दाखवलं आणि आत जाऊन फडका आपटला.

आता माझ्या सुनेचं सांगते.

माझा मुलगा गवंडी, कामासाठी गावोगाव फिरणारा. घरात मी आणि सून. दोन वर्षांपूर्वी तिला पहिल्या खेपेला कळा सुरू झाल्या तेव्हा बाहुल्या नुकत्याच आल्या होत्या. मी हातापाया पडले, पण खाट मिळाली नाही. सिस्टरनीच आम्हाला गाडीत बसवून दिलं. दीड तास झाला आणि रस्त्यात, गाडीच्या मागच्या बाकड्यावर, मुलगी झाली. ती रडली नाही. मी तिला पदरात घेऊन उलटी केली, चोळली, तोंडात फुंकर घातली. मला जे येत होतं ते सगळं केलं आणि मला पुरेसं येत नव्हतं. मोठ्या इस्पितळात सुनेला आठ दिवस ठेवलं, त्यात तिचं शिवणयंत्र विकलं गेलं. ती रिकाम्या हातांनी घरी आली आणि महिनाभर हात मांडीवर तसेच ठेवून बसायची. मला ते हात बघवायचे नाहीत. अजून बघवत नाहीत.

तर दुसऱ्या खेपेला मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. हे बाळ त्या दिव्याखाली, त्या सिस्टरच्या हाताने होणार. कसं, ते माहीत नव्हतं.

कळा सुरू झाल्या त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता भागीदार देशांचे पाहुणे येणार होते. समन्वयक साहेब पहाटेपासून छातीशी फाइल धरून वऱ्हांड्यात येरझाऱ्या घालत होते. माणूस वाईट नाही. आवाज कधी चढवत नाही, मुंगीलाही वाट देईल, पण यादीत जे लिहिलंय त्याच्या बाहेर त्याला दिसतच नाही. सून बाकावर दात-ओठ आवळून बसलेली. मी आत गेले, दार लावलं आणि चार नंबरच्या बाहुलीच्या मानेमागची खिट्टी काढली.

हो, मीच काढली. कबूल करते. मुंडकं घरंगळत कपाटाखाली गेलं आणि मानेतून लाल पाणी कारंज्यासारखं उडालं. मी तिला काखेत धरून फरफटत न्हाणीघरात नेली आणि मग बोंब ठोकली.

समन्वयक साहेब धावत आले. न्हाणीघरात मुंडकं नसलेली बाई बघून ते मटकन खालीच बसले.

"मावशी, हे कसं झालं?"

"जुनी झाली होती हो बिचारी. दोन वर्षांत दोन हजार बाळंतपणं. कुणाचीही मान जाईल."

"पण अकरा वाजता पाहुणे! यादीत सहा आहेत. सहा म्हणजे सहाच दिसायला हव्यात!" तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. चार नंबरच्या खाटेवर वजन नाही, म्हणून तिकडून विचारणा. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"साहेब," मी म्हणाले, "बाहेर एक आहे. चार नंबरवर झोपेल."

त्यांना कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यांनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टरनी आधीच हातमोजे चढवले होते. त्यांना गाडीतली ती मुलगी माझ्याइतकीच आठवत असणार, कारण दोन वर्षांत त्या माझ्या डोळ्याला डोळा देऊन बोलल्या नव्हत्या.

"ती हलेल," साहेब म्हणाले.

"तुमच्या हलतात की."

"तिला घाम येईल."

"तुमच्यांना पण येतो. सिस्टर बाटलीने भरतात."

"ओरडली तर? आपल्या भाषेत ओरडली तर सगळं संपलं!"

मी बाहेर जाऊन सुनेला हाताला धरून आत आणली आणि खाटेवर झोपवली. वजनाचा आकडा उमटला तशी साहेबांनी मान हलवली. "बाहुली अठ्ठावन्न किलोची. हिचं पासष्ट भरतंय."

"हवेत ओलावा आहे म्हणून सांगा. रबर फुगलं."

हे त्यांना पटलं. त्यांनी ते फाइलमध्ये लिहूनही घेतलं. मग सुनेच्या डोक्याशी उभं राहून, दोन कळांच्या मधल्या वेळात, त्यांनी तिला शिकवलं. "म्हणा, आक्-मोई. शेवटचा भाग जरा लांबवायचा. नाही, नाही, 'आई गं' अजिबात नाही. आक्... मोई..."

सून माझ्याकडे बघत होती. "सासूबाई, हे खरंच करायचं?"

"दिवा आहे, सिस्टर आहेत, खाट आहे. तू फक्त रबराची हो. दोन तास."

"दुखतंय हो पण."

"मग त्यांच्या भाषेत दुखू दे."

तिला त्या अवस्थेत हसू फुटलं. मी मात्र आधीचे नऊ महिने हसले नव्हते आणि त्या दिवशीही मला हसता आलं नाही.

पाहुणे बरोबर अकराला आले. तिघं होते: खाटांच्या देशाचे एक टकले गृहस्थ, दिव्याच्या देशाचे एकजण, सारखे फोटो काढणारे, आणि बाहुल्यांच्या देशाची एक उंच बाई, सपाट बूट घातलेली. साहेब दुभाष्याचं काम करत होते. एक, दोन आणि तीन नंबर झाल्या. सिस्टरनी तिन्ही बाळं झपाझप काढून दाखवली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळे चार नंबरपाशी आले आणि सुनेला अशी कळ आली की तिने खाटेची दांडी धरून अख्खं अंग पिळवटलं.

"आक्-मोईऽऽऽ!"

उंच बाईच्या भुवया वर गेल्या. ती काहीतरी बोलली. साहेबांनी कपाळ पुसत सांगितलं, "उच्चार फार छान आहे म्हणतायत."

टकले गृहस्थ वाकून सुनेच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, दुकानात भांडं बघावं तसे. मग नापसंतीने काहीतरी म्हणाले. साहेबांनी खालमानेने सांगितलं, "ते म्हणतायत, हिच्या चेहऱ्यावर भीती जरा जास्त झालीय. खऱ्या बाईला एवढी भीती वाटत नाही. थोडी कमी करता येईल का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, "त्यांना सांगा, ती कळ आमच्याकडे नाही." साहेबांनी ते कसं सांगितलं कोण जाणे. गृहस्थांनी वहीत टिपून घेतलं.

आणि मग बाळ आलं. तिघा पाहुण्यांसमोर, त्यांतला एक फोटो काढत असताना, माझ्या सुनेने दुसऱ्याच कुणाच्या भाषेत ओरडत बाळाला जन्म दिला. मुलगीच. आणि ती रडली नाही.

निळसर होती आणि हात-पाय लोंबत होते. दोन वर्षांपूर्वी माझ्या पदरात अशीच होती. मी भिंतीला टेकले. सुनेने मान वर केली, तिला कळलं, आणि तिने तोंड उघडलं. ती आता आपल्या भाषेत ओरडणार हे मला दिसत होतं, साहेबांनाही दिसत होतं. पण आवाजच निघाला नाही तिच्या तोंडातून.

सिस्टर मात्र थांबल्या नाहीत. बाळ दिव्याखाली ठेवलं, पुसलं, पाठ चोळली, मान सरळ केली, छोटा मुखवटा तोंडा-नाकावर बसवला आणि हाताने फुगा दाबत हवा द्यायला लागल्या. तोंडाने मोजत होत्या. त्यांचा हात जराही कापत नव्हता. रबराच्या हजारो बाळांना त्यांनी हेच केलं होतं, कंटाळून, जांभया देत, मी नावं ठेवत असताना. मी त्या बाहुल्यांना दोन वर्षं शिव्या घातल्यात आणि पुढेही घालीन, पण हे खोटं बोलणार नाही: तो हात त्यांनीच तयार केला होता. गाडीत माझ्याकडे तो हात नव्हता.

खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं. मग पोरीने घेतला. आधी एक उचकी, मग खोकल्यासारखं काहीतरी, आणि मग असं भोकाड पसरलं की पाच नंबरच्या बाहुलीच्या आतलं यंत्र बिचकून आपणहून कण्हायला लागलं. माझा जीव भांड्यात पडला. पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. फोटोवाल्याने बाळाचे चाळीस फोटो काढले.

सिस्टरनी नाळ कापली तेव्हा टकले गृहस्थ कळवळले. "नाळ कापायची नसते, फिरवून सोडवायची असते," साहेबांनी भाषांतर केलं. "नुकसान झालं म्हणतायत. पण एकंदरीत बाळ उत्तम आहे. हे सुधारित मॉडेल यादीत नाही, म्हणून आत्ताच चढवतायत."

आणि चढवलंच. गृहस्थांनी स्वतःच्या हाताने प्रकल्पाच्या मालमत्तेच्या यादीत एक ओळ वाढवली आणि माझ्या नातीच्या टाचेला क्रमांकाची चिकटपट्टी लावली. मी पुढे झाले तशी सिस्टरनी मला कोपराने अडवलं. उंच बाई मागेच राहिली होती. तिने एक हातमोजा काढला, बाळाच्या मुठीला उघडं बोट लावलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग सुनेची पावलं उघडी पडली होती त्यांवर चादर ओढली आणि काही न बोलता पाहुण्यांच्या मागे निघून गेली. बाहुलीच्या पायांवर कुणी चादर ओढत नाही. तिने ते का केलं, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.

ते गेल्यावर वीस मिनिटांनी साहेबांचा फोन वाजला. फोनवर बोलून ते माझ्यापाशी आले आणि फाइलच्या आड तोंड लपवत म्हणाले, "मावशी, चार नंबरचं बाळ अजून परत आत बसवलेलं नाही, असं दाखवतंय. पुढची फेरी अडकलीय."

मी हातातला फडका बादलीत आपटला. ते म्हणाले, "बरं, बरं. बिघाड म्हणून कळवतो." आणि गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सून उठून बसायला लागली, तेव्हा बाहुलीचं मुंडकं परत बसवून तिला चार नंबरवर निजवलं आणि आम्ही निघायची तयारी केली. तेवढ्यात नवीनच अडचण उभी राहिली. क्रमांक लावलेली कुठलीही वस्तू फाटकाबाहेर न्यायची तर पास लागतो. पाहुण्यांच्या भेटीनंतर फाटकावर नवा पहारेकरी बसवला होता, आणि तो पासाशिवाय झाडूसुद्धा सोडत नव्हता. साहेबांनी पासाचं पुस्तक उघडलं. वस्तू कुठे आणि का चालली, याचे तीनच पर्याय छापलेले होते: दुरुस्तीसाठी, परत करण्याच्या बोलीवर, निकामी.

"दुरुस्तीसाठी लिहू का?" साहेबांनी विचारलं. "पण मग महिन्याभरात दुरुस्त करून आणावी लागेल."

"माझी नात बिघडलेली नाही."

"परत करण्याच्या बोलीवर?"

"साहेब, 'परत' हा शब्द आता तोंडातून पुन्हा काढू नका."

"मग निकामी. निकामी वस्तू परत मागत नाहीत."

माझा संताप अनावर झाला. दोन दिवस मी सगळं गिळलं होतं, पण हे नाही. म्हटलं, ज्या पोरीला सिस्टरनी हवा देऊन जगवली तिच्या जन्माच्या पहिल्या कागदावर निकामी लिहायचं? लाज नाही वाटत? मी फाडून टाकीन हे पुस्तक! साहेब मागे सरकत भिंतीला लागले. खरं तर त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, पण चौथा पर्याय छापलेलाच नव्हता आणि स्वतःच्या मनाने एक रकाना आखायची त्यांची छाती होत नव्हती.

"सासूबाई," मागून सून म्हणाली. ती मुलीला छातीशी घेऊन उभी होती, अजून नीट उभं राहवत नव्हतं तिला. "लिहू दे काय लिहायचं ते. निकामी लिहा, भंगार लिहा, काहीही लिहा. मागच्या वेळी कुणी काही लिहिलं नव्हतं, आणि मी हात हलवत घरी गेले. मला हिला फक्त घरी न्यायचंय."

मी बाजूला सरकले. साहेबांनी लिहिलं: सुधारित रबरी बाळ, नग एक, निकामी. नेणाऱ्याच्या सहीच्या जागी मी सही केली.

फाटकावर पहारेकऱ्याने पास घेतला. तरणा, कडक कपड्यांतला, नोकरीचा दुसराच दिवस. त्याने वरपासून खालपर्यंत वाचलं, मग पोरीच्या टाचेवरचा क्रमांक कागदाशी ताडून बघितला. उन्हाने तिने डोळे मिटले आणि दोन्ही मुठी हवेत नाचवत रडायला सुरुवात केली. लाल झाली नुसती. पहारेकऱ्याने एकदा कागदाकडे, एकदा तिच्याकडे, परत कागदाकडे बघितलं. आम्ही काहीतरी लबाडी करतोय असा त्याला संशय आला असावा.

"मावशी, इथे निकामी लिहिलंय," तो म्हणाला. "ही तर चालू दिसतेय."

"हो रे बाबा," मी म्हणाले, "चालू आहे." आणि त्या गाडीपासून दोन वर्षं जे रडणं मी अडवून धरलं होतं, ते तिथे फाटकातच, त्या अनोळखी माणसासमोर, मला आवरेना.